पाचव्या माळेची भेट

निकिता आत आली तेव्हा रामहरींनी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही.

एरवी ते तसे नव्हते. बारामतीच्या एसटी डेपोसमोर, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानावर राजेश्वरी देवकातेचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. पुण्यात पोलिसांच्या सायबर शाखेत अकरा वर्षं काढून, वरिष्ठांशी कडाकडा भांडून ती गावी परतली होती आणि आता खाजगी तपासाची कामं घ्यायची. वालचंदनगरच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले रामहरी तिच्या वडिलांचे दोस्त. जीप चालवणं, आलेल्यांना चहापाणी देणं आणि अधूनमधून चुकीचे अंदाज बांधणं ही तिन्ही खाती त्यांच्याकडं होती.

पण आज समोर ती पोरगी होती. पेपरात फोटो आलेली. कळसच्या जोतीराम आबांना मरू देणारी नर्स.

आणि जोतीराम हा रामहरींचा माणूस होता. एकाच खात्यात बत्तीस वर्षं, एकाच डब्यातली भाकरी.

"काका, पाणी," राजेश्वरी म्हणाली.

रामहरींनी तांब्या टेबलावर आदळला.

निकितानं तांब्याकडं पाहिलंही नाही. "मी 'सोबत' नावाच्या गृहसेवा केंद्रात नर्स आहे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी रोज जायचं, बीपी बघायचं, गोळ्या द्यायच्या. प्रत्येक घरात भिंतीला एक चकती चिकटवलेली असते, रुपयाएवढी. केंद्राचा मोबाईल तिला टेकवला की भेटीची नोंद होते. मुलांच्या मोबाईलवर हिरवी खूण जाते."

"पुढं."

"आबा नवरात्रात चौथ्या माळेला सकाळी पडले, असं डॉक्टर म्हणतात. सहाव्या माळेला सापडले. आणि चौथ्या, पाचव्या, दोन्ही माळांना माझ्या नावानं नोंद आहे. सकाळी दहा वीस. 'प्रकृती ठीक, गोळ्या दिल्या.'"

"आणि तू गेली नव्हतीस."

"सर्वपित्रीच्या दोन दिवस आधीपासून मी तिकडं गेलेच नाही. विजयसिंह साहेबांनी, म्हणजे आमच्या मॅनेजरांनी, मला केंद्रातल्या वॉर्डात टाकलं. मोबाईल स्वतःच्या हातानं जमा करून घेतला. सगळं तोंडी. आता म्हणतात, असं मी बोललोच नाही. वॉर्डाची ड्यूटी बाराला सुरू होते, त्याआधी तू स्कूटीवरून जाऊन येत होतीस म्हणे. उद्या दुपारी बाराला पोलिसांत तक्रार देणार आहेत. नर्सिंग कौन्सिललाही पत्र जाणार. माझी नोंदणी गेली की मला परत कुणाच्या नाडीला हात लावता येणार नाही."

रामहरींना ते सोसवेना. "दोन दिवस त्यो फरशीवर पडून व्हता! पानी पानी करत गेला आसंल! आन तुला नोंदनीची पडलीया?"

निकितानं पहिल्यांदा त्यांच्याकडं पाहिलं. "मलाही तुमच्याइतकाच राग आलाय, काका. फक्त तो कुणावर काढायचा, ते मला कळत नाही."

जीपमध्ये बसताना रामहरींनी खिशातला मोबाईल चाचपला, बाहेर काढला आणि न बघताच परत ठेवला. राजेश्वरीनं ते पाहिलं.

केंद्र बारामतीतच होतं. दारातच मोठी पाटी : 'शंभर टक्के भेटी. आपली माणसं, आमची जबाबदारी.' रामहरींच्या तोंडात शिवी आली, ती त्यांनी गिळली.

चकत्यांचं काम बघणारा अविराज पंचविशीचा, घामाघूम झालेला. त्यानं एक कोरी चकती काढून स्टीलच्या टेबलावर ठेवली, मोबाईल जवळ नेला, मग काहीतरी आठवल्यासारखं चकती उचलून जाडजूड रजिस्टरवर ठेवली आणि मोबाईल टेकवला. टिंग वाजलं. पोरगं भलतंच टापटिपीचं आहे, असं रामहरींना वाटलं.

"हिच्यात बॅटरी नाही," अविराज म्हणाला. "मोबाईल दोन बोटांवर आला की त्याच्याच जोरावर जागी होते आणि आपला नंबर सांगते. बस्स."

"रोज तोच नंबर?"

"तोच. तीच तर बोंब आहे. महागातल्या चकत्या दर वेळी नवं उत्तर देतात, जुनं उत्तर चालत नाही. त्यांची नक्कल होत नाही. मी दोनदा पत्र दिलं होतं. साहेब म्हणाले, म्हाताऱ्यांच्या घरात कोण चोर येतोय?"

"आणि ह्यांची नक्कल?"

"अर्ध्या मिनिटात. मूळ चकती एकदा वाचायची, नाहीतर रजिस्टरातला तिचा नंबर घ्यायचा, आणि बाजारात मिळणाऱ्या कोऱ्या चकतीवर तोच नंबर उतरवायचा." त्यानं चकती मुठीत घेतली. "मीच करून दाखवलं होतं. सगळ्या स्टाफसमोर, साहेबांसमोर. धोका कळावा म्हणून."

"मोबाईल कुठं होता, ते नोंदीत येत नाही?"

"यायचं. खेड्यात रेंज नसते, नर्सांचा खोळंबा होतो, म्हणून साहेबांनी श्रावणात बंद करायला लावलं."

"नवरात्रात तू कुठं होतास?"

"इंदापूरला. पितृपक्षापासून दसऱ्यापर्यंत. आमची नवी शाखा होतेय, तिथली यंत्रं बसवत होतो. राहायलाही तिथंच."

बाहेर येताच रामहरी कुजबुजले, "ह्योच. नक्कल करता येती म्हनून तोंडानं सांगतोय."

"करता येते म्हणून सांगतोय," राजेश्वरी म्हणाली, "की करता येते तरी सांगतोय?"

रामहरींना त्यातला फरक कळला नाही, आणि कळला नाही याचाही राग आला.

ड्रायव्हर गोकुळ मागच्या अंगणात गाडी धूत होता.

"कळसला? न्हाय बा. पितरपाटापास्नं गाडी तिकडं गेलीच न्हाय," तो म्हणाला. "मी इंदापूरला सामान ओढत व्हतो. आन न्यायाला नर्सा तरी कुठं हायती? पाच व्हत्या. तिघी श्रावणातच सोडून गेल्या. निकिताबाई वॉर्डात. ऱ्हायली एक. ती एकली अठरा घरं कशी फिरंल?"

"हे साहेबांना सांगितलंस?"

"सायबाला म्हाईत न्हाय व्हय?" गोकुळनं पाण्याचा पाइप बंद केला. "ताई, मला दोन पोरं हायती. माजं नाव घिऊ नगा."

विजयसिंहांची केबिन थंडगार होती. कपाटं स्टीलची, टेबल स्टीलचं, खुर्च्या स्टीलच्या. फक्त मागच्या भिंतीवर प्लायवूडचा मोठा फळा होता आणि त्यावर काचेच्या फ्रेमांतून म्हातारी माणसं हसत होती. वर सोनेरी अक्षरं : 'आपली माणसं'. सतरा फोटो. अठराव्याच्या जागी नुसता फिकट चौकोन.

"आबांचा होता," विजयसिंह हळू आवाजात म्हणाले. "बघवेना. दुखवटा म्हणून उतरवला."

रामहरी फोटोंजवळ गेले. प्रत्येक काचेच्या खालच्या कोपऱ्यात बारीक बारीक ओरखडे होते. पुसणाऱ्या बाईला पगार कशाचा देतात कोण जाणे, असं त्यांच्या मनात आलं.

"पुढच्या आठवड्यात पुण्याहून संस्थेचे विश्वस्त येणार आहेत," विजयसिंह सांगत होते. "शंभर टक्के भेटी दाखवल्या की इंदापूर शाखेवर शिक्कामोर्तब. अशा वेळी एका मुलीनं आमच्या तोंडाला काळं फासलं. वॉर्डात टाकलं होतं म्हणे! मोबाईल जमा म्हणे! मोबाईल तिनं दिला तो आबा गेल्यावर."

"चकतीच बिघडलेली असेल तर?"

"अजिबात नाही. मी स्वतः तिसऱ्या माळेला अचानक तपासणीला गेलो होतो. आबा मजेत बसले होते. दारातून आत शिरलं की डाव्या हाताला भिंतीवर चकती आहे. माझ्या हातानं मोबाईल टेकवून बघितला. ठणठणीत चालू. खोट यंत्रात नाही, माणसात आहे."

या वाक्यावर रामहरींनी जोरात मान हलवली. राजेश्वरीनं ते वाक्य वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं.

कळसला शेजारच्या बनाबाई किल्ली घेऊन आल्या. साठीच्या, पेरूच्या बागेतून तशाच उठून आलेल्या. दार उघडून त्या बाजूला झाल्या.

"मी दुसऱ्या माळंला तुळजापूरला गेले, बायांच्या संगं. तिथनं भनीकडं. सहाव्या माळंला आले, आन दार ढकलतीया तर..." त्यांनी पदर तोंडाला लावला. "रोज नर्सबाई येती, लेकाला मोबाईलवर समजतंया, म्हनून निर्धास्त गेले मी. त्या मोबाईलला आग लागू दी!"

"पण जायच्या आधी नर्स येत नव्हती, हे तुम्हाला कळलं नाही?"

"मी सकाळी तोडीला आसते, बाई. आन आबांना इचारावं तर त्यास्नी कालचं आज ध्यानात न्हवतं ऱ्हात."

डाव्या हाताची भिंत पांढरीशुभ्र होती. चकती नव्हती.

"हितंच व्हती," बनाबाई म्हणाल्या. "घट बसायच्या आदी घर धुऊन काढाय लागतं न्हवं? सर्वपित्रीच्या आदल्या दिसी मी आबांचंबी घर धुतलं, चुना मारला. चकती काढली आन पुसून ठिवली. वल्ल्या चुन्यावर ती काय बसना. म्हनलं, हरवायला नगं, नर्सबाईचा खोळंबा व्हईल. म्हनून हितं लावली, फेविक्विकनं."

दाराशेजारी कमरेइतकी पत्र्याची धान्याची कोठी होती. तिच्या झाकणाच्या बरोबर मध्ये, हळदीकुंकवाची बोटं ओढून, चकती चिकटवली होती.

राजेश्वरीनं आपला मोबाईल तिला टेकवला. काहीच झालं नाही. मोबाईल फिरवून टेकवला. पुन्हा काही नाही.

"रेंज नसंल," रामहरी म्हणाले.

"हिला रेंज लागत नाही, काका." तिनं झाकणावर बोटानं टकटक केलं. मग म्हणाली, "बनाबाई, हे झाकण मला उद्यापुरतं द्याल? आणि तुम्हीही चला."

दुसऱ्या दिवशी पावणेबाराला विजयसिंहांच्या केबिनमध्ये सगळे उभे होते : निकिता, अविराज, दाराशी गोकुळ, आणि कोठीचं झाकण छातीशी धरलेल्या बनाबाई.

"हा काय तमाशा आहे?" विजयसिंह म्हणाले. "बाराला पोलीस येतायत."

"तुम्हीच बोलावलेत, बरं झालं," राजेश्वरी म्हणाली. "अविराज, ही चकती वाच."

अविराजनं झाकणाकडं पाहिलं आणि मोबाईल पुढंसुद्धा केला नाही. "नाही वाचणार. पत्र्यावर चिकटवली की मुकी होते. लोखंड मोबाईलचा सगळा जोर खाऊन टाकतं. पाठीला वेगळा थर लागतो, तो ह्या स्वस्तातल्या चकत्यांना नसतो."

रामहरींना टेबलावरून उचलून रजिस्टरवर ठेवलेली चकती आठवली. उभा जन्म लोखंडात गेला आणि डोळ्यांसमोर झालेलं दिसलं नाही! त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"आबांची चकती सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी पत्र्यावर गेली," राजेश्वरी म्हणाली. "त्या दिवसापासून जगातला कुठलाही मोबाईल तिला वाचू शकत नव्हता. तरी पाचव्या माळेपर्यंत रोज दहा वीसला नोंद आहे. म्हणजे वाचली गेली ती नक्कल. ती करणाऱ्याला चकती हलल्याचं माहीत नव्हतं, कारण तो त्या घरी गेलाच नव्हता."

"मग ही मुलगीच ती!" विजयसिंह उसळले. "घरी बसून नक्कल टेकवली असेल!"

"मलाही तसं वाटलं असतं. पण दारातल्या पाटीवर शंभर टक्के लिहिलंय. तीन नर्सा श्रावणात गेल्या, निकिता वॉर्डात, उरली एक. आणि अठराच्या अठरा घरांत रोज भेट झाली म्हणे. निकितानं कामचुकारपणा केला असता तर आपल्या घरांची खोटी नोंद केली असती. सोडून गेलेल्या बायकांच्या घरांशी तिला काय देणंघेणं? सगळी घरं हिरवी हवी होती ती एकाच माणसाला. पुण्याचे पाहुणे कुणाकडं येणार आहेत?"

"अविराजला नक्कल करता येते!"

"तुम्हालाही येते, त्यानंच दाखवली. तो महिनाभर इंदापुरात होता आणि नर्सांचे जमा केलेले मोबाईल इथं होते. बरं, ते राहू दे." तिनं वही उघडली. "काल तुम्ही म्हणालात, तिसऱ्या माळेला आबांच्या घरी गेलो, डाव्या भिंतीवरच्या चकतीला मोबाईल टेकवला, ठणठणीत चालू होती. तिसऱ्या माळेला त्या भिंतीवर फक्त चुना होता, साहेब. आणि चकती होती ह्या झाकणावर, मुकी."

विजयसिंहांनी ओठ ओले केले. "दिवसांत गल्लत झाली असेल. ह्यानं काय सिद्ध होतं? नक्कल आहे कुठं? दाखवा!"

"केबिनभर लोखंड आहे. नक्कल चालेल अशी जागा एकच." राजेश्वरी फळ्याकडं वळली. "निकिताचा मोबाईल काढा ड्रॉवरमधून."

ते हलले नाहीत. गोकुळ दाराशी होता, तो आत आला, ड्रॉवर ओढला. आत चार मोबाईल होते, चारही चार्ज केलेले.

राजेश्वरीनं त्यातला निकिताचा मोबाईल सुरू केला आणि एका हसऱ्या म्हातारीच्या फोटोला, काचेच्या खालच्या कोपऱ्यात, ओरखड्यांवर टेकवला.

टिंग.

'भिमाबाई. भेट झाली.'

तिनं पुढच्या फोटोला टेकवला. टिंग. त्याच्या पुढच्याला. टिंग.

"प्रत्येक फोटोच्या पाठीशी एक चकती," ती म्हणाली, आणि आता तिचाही आवाज चढला. "रोज सकाळी चहा घेता घेता तुम्ही ह्या माणसांच्या फोटोंना मोबाईल टेकवत होता. आबा फरशीवर पडले होते तेव्हा इथं टेकवलात. दुसऱ्या दिवशी परत टेकवलात. 'प्रकृती ठीक' हे कुठल्या बोटांनी लिहिलंत? ते गेल्यावर दुखवटा नाही पाळला तुम्ही, पुरावा उतरवलात. उरलेले सतरा तसेच ठेवलेत, कारण उद्याही हिरव्या खुणा पाहिजे होत्या."

"नर्सा मिळत नाहीत हो!" विजयसिंह ओरडले. "थोड्या दिवसांचाच प्रश्न होता. शाखा मंजूर झाली की भरती करणार होतो. मला काय माहीत तो म्हातारा नेमका..."

रामहरींनी त्यांची गचांडी धरली होती. कधी धरली ते त्यांनाही कळलं नाही. "म्हातारा? जोतीराम नाव हाय त्याचं! नाव घे! नाव घे त्याचं!"

"काका," राजेश्वरी म्हणाली. "सोडा. पोलीस जिना चढतायत."

त्यांनी सोडलं.

पोलिसांपुढं अविराजनं स्वतःहून सगळं लिहून दिलं. गोकुळही पुढं झाला. "माजंबी नाव लिवा," तो म्हणाला. निकिताविरुद्धचा कागद हवालदारानं विजयसिंहांसमोरच बाजूला सारला आणि नवा कोरा घेतला.

निकिता मात्र तिकडं बघतच नव्हती. ती फळ्यापुढं उभी होती.

"आज भिमा आजींकडं कोण गेलंय?" तिनं विचारलं.

कुणीच गेलं नव्हतं. आज नाही, काल नाही, श्रावणापासून कुणी गेलं होतं की नाही, ते सांगणारं कुणी नव्हतं.

रामहरींनी जीपची किल्ली उचलली.

जीप इंदापूरच्या रस्त्याला लागली. रामहरी समोर बघत म्हणाले, "दर रविवारी मी जोतीरामकडं जात व्हतो, पोरी. चौथी माळ रविवारचीच. सकाळी निघालो, चप्पल घातली. त्याच्या लेकानं माझ्याबी मोबाईलवर ते हिरव्या खुनंचं टाकून दिलंय. दहा वीसला हिरवं आलं. म्हनलं, नर्स गेलीया, आज ऱ्हाऊ द्या. ऊन लई हाय." गिअर कर्रकन वाजला. "काल मी तुला बोललो, ते माझं मलाच बोललो."

निकितानं बॅगेतून बीपीचं यंत्र काढून मांडीवर घेतलं आणि त्याचा पट्टा नीट गुंडाळत बसली.

भिमा आजी कळसच्या अलीकडच्या वस्तीवर राहायच्या. ओट्यावरच बसल्या होत्या. अंगावरचं लुगडं मळलेलं, पाय सुजलेले. निकितानं वाकून हात हातात घेतला तेव्हा त्या दचकल्या. मग तिच्याकडं बघत राहिल्या, आणि त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं.

"नर्सबाई आलीस व्हय गं? माझी लेक फोनवर म्हनती, आई, नर्स रोज येती की, मला दिसतंया. मी म्हनते, कोन येत न्हाय बाई. तर मलाच रागं भरती." त्यांनी डोळे पुसले. "मग मी गप बसले. म्हनलं, येत आसंल. माझंच डोस्कं फिरलं आसंल."

"नाही आजी," निकिता म्हणाली. "तुमचं डोकं शाबूत आहे. कुणी येत नव्हतं."

रामहरींनी भिंतीवरची चकती पाहिली, नखानं खरवडून काढली आणि पुरावा म्हणून रुमालात बांधली. मग ते आजींच्या शेजारी ओट्यावर बसले आणि त्यांच्या लेकीचा नंबर विचारून स्वतः फोन लावला.